"कुणाला सांगणार नाही ना?" : गोपनीयतेचं वचन आणि त्याच्या मर्यादा



मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं या भागात स्वागत. तुमच्यापैकी कुणी मानसशास्त्रात एम.ए. करत असेल, कुणी एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यासाठी एखाद्या संस्थेत जात असेल, कुणी शाळेत समुपदेशक म्हणून नुकतंच रुजू झालं असेल. कुणी पुण्या-कोल्हापुरात, कुणी इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरूमध्ये. गाव कुठलंही असो, एक प्रश्न तुम्हाला सुरुवातीच्या काळातच ऐकावा लागणार आहे. समोरची व्यक्ती बोलता बोलता थांबते, दाराकडे बघते आणि विचारते, "तुम्ही हे कुणाला सांगणार नाही ना?"

आज आपण या एकाच प्रश्नाचं उत्तर शिकणार आहोत.

प्रशिक्षण वर्गात मी हा प्रश्न टाकते तेव्हा बहुतेकांच्या तोंडून पटकन येतं, "नाही, अजिबात नाही सांगणार." उत्तर मायेनं दिलेलं असतं. अडचण एवढीच की ते पूर्ण खरं नसतं.

समजा, विचारणारी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तुम्ही "कुणालाही नाही" म्हणालात. त्या शब्दावर विसंबून तिनं सांगितलं, की घरी येणारा एक नातेवाईक तिला नको तिथे हात लावतो. आता काय कराल? शब्द पाळलात तर कायदा मोडतो आणि मुलगी त्या माणसाच्या तावडीत राहते. कायदा पाळलात तर तिला दिलेला शब्द मोडतो. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच एका मोठ्या माणसावर विश्वास टाकला आणि त्यानंही फसवलं, असं तिच्या मनात राहतं. पुढे कुणापुढे तोंड उघडताना ती दहादा विचार करेल.

हा पेच तिच्या बोलण्यानं तयार झालेला नाही. काय ऐकायचं आहे हे माहीत नसताना आपण दिलेल्या बिनशर्त शब्दानं तो तयार झाला. म्हणून आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकते: गोपनीयतेचं वचन द्यायचंच, पण त्याच्या मर्यादेसकट द्यायचं, आणि ऐकायला सुरुवात करण्याआधी द्यायचं.

गोपनीयता कशासाठी?

आपल्याकडे "झाकली मूठ सव्वा लाखाची" असं म्हणतात. मनाच्या आजाराच्या बाबतीत घराघरांत हीच मूठ घट्ट झाकलेली असते, कारण उघडली तर किंमत मोजावी लागते. ठरत आलेलं लग्न मोडतं. नोकरीत बढतीच्या वेळी नाव मागे पडतं. भाऊबंदकीच्या वादात "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय" हे वाक्य हत्यारासारखं वापरलं जातं. अशा समाजात कुणी आपल्यासमोर येऊन मूठ उघडतं, तेव्हा ते फार मोठी जोखीम पत्करत असतं. ही जोखीम पत्करता यावी म्हणून गोपनीयता हवी. तिच्याशिवाय माणूस खरं बोलणार नाही, आणि खरं बोलला नाही तर आपली कुठलीही पद्धत उपयोगाची नाही.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी फेलिक्स बीस्टेक यांचं नाव अभ्यासक्रमात वाचलं असेल. त्यांनी १९५७ साली केसवर्कमधल्या नात्याची सात तत्त्वं मांडली, त्यांतलं एक गोपनीयता आहे. त्या पुस्तकातही ती निरपवाद मानलेली नाही. दुसऱ्या माणसाचे हक्क आणि समाजाचं हित तिथे आडवे येऊ शकतात.

आपल्या देशात याला कायद्याचाही भक्कम आधार आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं निकाल दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत झाला आणि २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम २३ सांगतं, की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपला आजार, उपचार आणि शारीरिक आरोग्याविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क आहे, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांचं ती जपणं हे कर्तव्य आहे. कलम २४ त्याला जोडून सांगतं, की अशा व्यक्तीचा फोटो किंवा उपचारांची माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. संस्थेच्या कार्यक्रमाचे फोटो फेसबुकवर टाकायची घाई असते, तेव्हा हे कलम आठवा.

आता तुम्ही म्हणाल, मी शाळेत काम करते, माझ्याकडे येणाऱ्या मुलांना "मानसिक आजार" नसतो, मग हे कलम मला लागू आहे का? कलमाची भाषा आजारी व्यक्तीपुरती असली तरी आपल्या व्यवसायाची नीती सगळ्यांसाठी एकच आहे. परीक्षेच्या ताणासाठी आलेल्या मुलाची गोष्टही तितकीच त्याची स्वतःची असते.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं किंवा पती-पत्नींमधलं बोलणं यांना न्यायालयात उघड करण्यापासून कायद्यानं विशेष संरक्षण दिलेलं आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक यांना तसं संरक्षण नाही. न्यायालयानं आदेश दिला तर माहिती द्यावी लागते. म्हणून "न्यायालयातसुद्धा सांगणार नाही" असं कुणाला सांगू नका.

तीन कप्पे

मर्यादा लक्षात ठेवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना तीन कप्पे करायला सांगते. सांगावंच लागतं, सांगता येतं, आणि तिच्या इच्छेशिवाय सांगू नये.

पहिला कप्पा: सांगावंच लागतं. इथे सर्वांत महत्त्वाचा २०१२ चा पॉक्सो कायदा. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा तो होण्याची भीती ज्याला वाटते, त्या प्रत्येकानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलं पाहिजे, असं कलम १९ सांगतं. समुपदेशकाला यातून सूट नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट, प्रामाणिक हेतूनं कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

इथे एक अवघड वळण आहे. हा कायदा अठरा वर्षांखालील मुलामुलींची संमती मानत नाही. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी तिच्याच वयाच्या मित्राबरोबरच्या शरीरसंबंधांबद्दल बोलली, तरी तो विषय या कायद्याच्या कक्षेत येतो. किशोरवयीन मुलांसोबत काम करणाऱ्यांना याचं ओझं रोज वाटतं. म्हणूनच मर्यादा आधी सांगणं हा त्या मुलांच्या हक्काचा भाग आहे. काय बोलल्यावर काय होऊ शकतं, हे ठाऊक असेल तरच काय बोलायचं ते त्यांना ठरवता येईल.

दुसरा कप्पा: सांगता येतं. कलम २३ मध्येच अपवाद दिलेले आहेत. व्यक्तीनं नेमलेल्या प्रतिनिधीला त्याची कर्तव्यं पार पाडण्यासाठी, उपचार करणाऱ्या इतर व्यावसायिकांना उपचारांसाठी, दुसऱ्या कुणाला इजा किंवा हिंसा होण्यापासून वाचवण्यासाठी, जिवाला असलेला धोका टाळण्यासाठी, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, तसंच न्यायालय किंवा अधिकृत मंडळाच्या आदेशानं माहिती देता येते. आत्महत्येचा धोका याच कप्प्यात येतो. कायद्याच्या भाषेत इथे "देता येते" असं असलं, तरी जीव वाचवण्याची वेळ येते तेव्हा व्यवसायाची नीती आपल्याला हातावर हात ठेवून बसू देत नाही.

तिसरा कप्पा: तिच्या इच्छेशिवाय सांगू नये. प्रौढ स्त्री नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलते. आपलं रक्त उसळतं, लगेच पोलिसांना फोन करावासा वाटतो. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देण्याची मुभा प्रत्येकाला आहे, सक्ती नाही. त्या घरात तिला राहायचं आहे. तक्रारीनंतरची रात्र तिला काढायची आहे. कधी, कुणाला, काय सांगायचं हे तिनं ठरवायचं, आणि आपण तिला पर्याय, हक्क आणि सुरक्षिततेची योजना समजावून सांगायची. जीव तत्काळ धोक्यात असेल, तर मात्र ही बाब दुसऱ्या कप्प्यात जाते.

दोन खटले

जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवला जाणारा तारासॉफ खटला तुम्हाला वाचावाच लागेल. भारतातून कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं आपल्या मानसोपचारकाला सांगितलं, की मला नाकारणाऱ्या मुलीला मी मारणार आहे. उपचारकानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्या मुलाला विचारपूस करून सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यानं तिचा खून केला. आईवडिलांनी दावा लावला, आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी वाजवी काळजी घेणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. हा निकाल आपल्याला बंधनकारक नाही, पण त्यातला प्रश्न आपलाही आहे.

आपल्याकडचा खटला १९९८ चा. मि. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड. रक्तदानाच्या वेळी एका व्यक्तीला एचआयव्हीची लागण असल्याचं कळलं, ती माहिती बाहेर गेली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानं रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही, होणाऱ्या पत्नीच्या जिवाचाही विचार करावा लागेल.

मला या खटल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो पुढे २०१७ साली आलेला एचआयव्ही कायदा. जोडीदाराला कधी सांगता येईल, याच्या पायऱ्याच त्यानं घालून दिल्या. जोडीदाराला मोठा धोका असल्याचं वाजवी कारण हवं. आधी त्या व्यक्तीनं स्वतः सांगावं म्हणून समुपदेशन करायचं. ती सांगणार नाही याची खात्री झाली, तर "आता मी सांगणार आहे" हे तिला कळवायचं. मगच जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून, समुपदेशन करून सांगायचं. आणि सांगितल्यानं, विशेषतः एखाद्या बाईला, मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी भीती असेल, तर सांगायचं नाही.

या पायऱ्या एचआयव्हीपुरत्या असल्या तरी गोपनीयता मोडण्याची रीत म्हणून मी त्या सगळीकडे वापरायला सांगते. आधी त्या व्यक्तीलाच सांगायला मदत करा. नाही जमलं तर तिला सांगून सांगा. आणि गरजेपुरतंच सांगा. कलम २३ सुद्धा हेच म्हणतं: इजा टाळायला जेवढी माहिती लागते, तेवढीच द्यायची.

उदाहरण घेऊ. बावीस वर्षांचा मुलगा म्हणतो, "जगण्यात काही अर्थ नाही." सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. धोका मोठा आहे असं दिसलं तर म्हणा, "तुझ्या जिवाची मला काळजी वाटते. आज तू घरी एकटा जाऊ नयेस. घरच्यांपैकी कुणाला बोलावू या? फोन तू करतोस की मी तुझ्यासमोर करू?" आई आल्यावर तिला कळायला हवं, की मुलाच्या जिवाला धोका आहे, त्याला एकटं सोडायचं नाही, घरातली कीटकनाशकं आणि औषधं कुलपात ठेवायची, आणि मनोविकारतज्ज्ञांकडे आजच न्यायचं. त्याचं प्रेम कुणावर होतं आणि ते का मोडलं, हे तिला कळण्याची इथे गरज नाही. ते त्याचं त्याच्याकडे राहू द्या.

अशा वेळी घरचे हमखास विचारतात, "पोलीस केस होईल का?" या भीतीनं कित्येकजण प्रयत्नानंतरही दवाखान्यात खरं सांगत नाहीत. त्यांना सांगा, की २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतं आणि तिला शिक्षा न करता मदत द्यावी असं म्हणतं. जुन्या दंडसंहितेतलं सरसकट शिक्षेचं कलम ३०९ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलं नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे तीन आकडे तुम्हाला तोंडपाठ हवेत. टेलि-मानसवर मराठीतही बोलता येतं, त्यामुळे परराज्यात राहणाऱ्यांना तो विशेष उपयोगी आहे.

दाराबाहेर बसलेले वडील

पाठ्यपुस्तकात क्लायंट एकटा येतो. आपल्याकडे त्याच्याबरोबर आई येते, काका येतात, कधी सासूही येते. सत्र संपलं की वडील विचारतात, "काय म्हणाला तो?" ते तुमचे विरोधक नाहीत. त्यांनी फी भरली आहे, रात्री जागून काढल्या आहेत. त्यांना तोडून बोलू नका. "त्यानं परवानगी दिली तर आपण तिघं बसून बोलू. तोपर्यंत तुम्हाला काय काळजी वाटते ते मला सांगा." ऐकून घ्यायला गोपनीयता आड येत नाही, सांगायला येते.

मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांना त्याच्या उपचारांविषयी माहिती घेण्याचा अधिकार आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत दोघांसमोर ठरवून घ्या: सुरक्षिततेच्या गोष्टी पालकांना कळतील, रोजच्या बारीकसारीक गोष्टी मूल आणि मी यांच्यात राहतील. कंपनीनं किंवा शाळेनं नेमलेलं असेल तर साहेबांना आणि मुख्याध्यापकांना काय कळवलं जाईल, हेही आधीच लेखी ठरवा.

छोट्या गळत्या

गोपनीयता मोठ्या प्रसंगांपेक्षा रोजच्या सवयींतून जास्त गळते. क्षेत्रकार्याच्या डायरीत नाव बदललं की झालं, असं वाटतं. पण तालुक्याच्या गावात "बँकेतल्या साहेबांची थोरली सून" एवढं म्हटलं तरी ओळख पटते. व्हॉट्सॲपच्या गटात केसची चर्चा नको. सुपरवायझरशी बोलणं आवश्यकच आहे, पण ते बंद खोलीत, आणि असं बोलणं होतं हे क्लायंटला माहीत हवं. नोंदी लिहिताना त्या व्यक्तीला आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे, हे कलम २५ ध्यानात ठेवा. तिनं वाचलं तर तिचा अपमान होणार नाही, असंच लिहा.

महाराष्ट्राबाहेर काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिथे मराठी माणसांचं वर्तुळ लहान असतं. सोमवारी जी तुमच्यासमोर रडली, तीच शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभी असते. आधीच सांगून ठेवा: "बाहेर भेट झाली तर मी स्वतःहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन, पण इथल्या विषयावर नाही."

मग उत्तर काय द्यायचं?

पहिल्या भेटीत, चहापाण्याची चौकशी झाली की, मी साधारण असं बोलते:

"आपण सुरू करण्याआधी एक सांगते. तुम्ही इथे जे बोलाल ते माझ्यापाशी राहील. घरच्यांनी विचारलं तरी तुमच्या परवानगीशिवाय मी सांगणार नाही. याला काही अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, एखाद्या लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, किंवा न्यायालयानं आदेश दिला, तर मला काही गोष्टी सांगाव्या लागतील. तशी वेळ आली तर शक्यतो आधी तुमच्याशीच बोलेन, आणि गरजेपुरतंच सांगेन. कामात माझी चूक होऊ नये म्हणून मी माझ्या वरिष्ठांशी चर्चा करते, तिथे तुमचं नाव घेत नाही. यावर तुम्हाला काही विचारायचंय?"

एवढं बोलायला मिनिटभर लागतं. नवख्यांना भीती वाटते, की हे ऐकून माणूस बोलायचा थांबेल. काहीजण त्या दिवशी खरंच हात राखून बोलतात. तो त्यांचा निर्णय आहे, आणि तो माहितीवर आधारलेला आहे. पुढच्या भेटीत ते बोलतात तेव्हा समजून उमजून बोलतात. पंधरा वर्षांच्या मुलीला हेच सोप्या शब्दांत सांगा. नंतर कळवायची वेळ आली तर "मी तुला पहिल्या दिवशी म्हणाले होते ना, आता आपण दोघी मिळून मदत मागू" असं तिच्या डोळ्यांत बघून म्हणता येईल.

आजचा अभ्यास: हे निवेदन तुमच्या स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. मराठीत एकदा, आणि तुम्ही जिथे काम करता तिथल्या भाषेत, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू जी असेल तिच्यात एकदा. शाळेतल्या मुलासाठी वेगळं, साठीतल्या आजोबांसाठी वेगळं. मग मैत्रिणीला समोर बसवून मोठ्यानं म्हणा आणि तिला विचारा, "यातून तुला काय कळलं?" तिला अपवाद सांगता आले नाहीत, तर निवेदन पुन्हा लिहा.

पुढच्या भागात आपण नोंदी कशा लिहायच्या ते बघू. तोवर नमस्कार.